आठात पाच मिळवताना

आठ अधिक पाच किती, हे सहा-सात वर्षांच्या मुलांना विचारावं आणि उत्तराची घाई न करता नुसतं त्यांच्याकडे पाहत बसावं. एक मूल आठ खडे मांडतं, शेजारी पाच मांडतं आणि सगळे पहिल्यापासून मोजून तेरा सांगतं. दुसरं 'आठ' मनात धरून नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा असं पुढे जातं. तिसरं क्षणभर गप्प राहून 'तेरा' म्हणतं, आणि कसं काढलंस असं विचारलं तर सांगतं, "पाचातले दोन आठाला दिले. दहा झाले. तीन उरले." चौथं झटकन 'बारा' म्हणतं.

चौथ्याच्या वहीत फुली पडते. पण त्याने केलं काय होतं? बोटं पाचच उघडली होती, फक्त पहिल्या बोटाला 'आठ' म्हटलं होतं: आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. म्हणजे पुढे मोजण्याची युक्ती त्याला सापडली आहे. मोजायला कुठून लागायचं, एवढंच पक्कं व्हायचं आहे. समजेच्या वाटेवर ते खडे मोजणाऱ्या पहिल्या मुलाच्या एक पाऊल पुढे आहे. उत्तर तपासणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. रीत विचारणाऱ्याला लगेच दिसेल. तोंडी बेरीज शिकवण्याचं सगळ्यांत मोठं साधन कुठलं, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, 'कसं काढलंस?' हा प्रश्न. आणि तो उत्तर बरोबर आलं तरी विचारायचा, चुकलं तरी विचारायचा. नाहीतर दोन दिवसांत मुलं ओळखतात की बाईंनी 'कसं' विचारलं म्हणजे आपलं चुकलं, आणि घाईघाईने उत्तर बदलतात.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहितो आहे. सावित्रीच्या खोऱ्यातला हा मुलूख. वर आंबेनळी घाट महाबळेश्वरला चढतो, दक्षिणेला कशेडी ओलांडला की खेड येतं. उतारांवर वाड्या विखुरलेल्या, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळा लहान. अनेक ठिकाणी दोनच शिक्षक आणि एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता. कित्येक मुलांचे आईवडील पोटासाठी मुंबईला आणि मुलं आजी-आजोबांपाशी. अशा घरात अभ्यास घ्यायला कुणी नसतं, असं आपण सहज बोलून जातो. तोंडी हिशेबापुरतं तरी ते खरं नाही.

जुन्या माणसांची मोजायची पद्धत पाहा. खळ्यावर भात मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन असं पुढे. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी. ठरावीक मापं झाली की बाजूला खूण म्हणून चिमूटभर दाणे ठेवायचे आणि पुन्हा 'लाभ'पासून सुरुवात करायची. शाळेचं तोंड न पाहिलेली आजी पासष्ट म्हणण्याऐवजी 'तीन विसा नि पाच' म्हणते. तिला पासष्टात सत्तावीस मिळवायला सांगा. 'तीन विसा नि एक विसा, चार विसा. पाच नि सात बारा. चार विसा नि बारा.' उत्तर आलं: ब्याण्णव. तिने मोठा भाग आधी मिळवला आणि सुटे मागून. शाळेतली उभी बेरीज याच्या बरोबर उलट, एककापासून सुरू होते. कागदावर ते सोयीचं असतं. डोक्यात मात्र मोठा भाग आधी मिळवलेला बरा, कारण मध्येच विसरलं तरी उत्तर साधारण केवढं येणार हे हाताशी राहतं. जगभरात ज्यांनी मुलांच्या तोंडी गणिताचा अभ्यास केला, त्यांना स्वतःच्या मनाने बेरीज करणारी मुलं बहुधा याच दिशेने जाताना दिसली आहेत. आजीची रीत अडाण्याची म्हणून बाजूला सारावी अशी नाही.

पूर्वीच्या शाळेनेही तोंडी हिशेबाला फार मान दिला होता. त्याला कारण होतं व्यवहाराचं. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. अशा रुपयाचा हिशेब पाव, अर्धा, पाऊण, सव्वा यांवाचून होईना. म्हणून मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत, आणि दिवेलागणीला घरोघर परवचा चाले. याच महाड तालुक्यातल्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, तेव्हाही रुपया सोळा आण्यांचाच होता. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि पावकी-निमकीची रोजची गरज सरली. शिल्लक राहिली ती घोकण्याची सवय. पाढे पाठ असावेत, याबद्दल माझं दुमत नाही. बेरजेलाही ते उपयोगी पडतात. 'बे सक बारा' म्हणजे सहा नि सहा बारा. मग सहा नि सात हे बारापेक्षा एकाने जास्त. 'बे आठी सोळा' येत असेल तर आठ नि नऊ सतरा. पण हा दुवा मुलाला आपोआप दिसत नाही. बेचा पाढा घडाघडा म्हणणारं मूल सात नि आठ बोटांवर मोजतं, कारण पाढा एका कप्प्यात आणि बेरीज दुसऱ्या कप्प्यात राहिलेली असते. दोन्ही एकत्र आणून दाखवायला दोन मिनिटं लागतात, आणि ती कुणीतरी द्यावी लागतात.

मराठी मुलापुढे आणखी एक अडचण असते, ती संख्यांच्या नावांची. २०१९ च्या जूनमध्ये यावरून महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीस ते नव्व्याण्णव या संख्यांची नावं 'वीस एक', 'वीस दोन' अशीही दिली होती. वर्तमानपत्रांत टीका झाली, विधानसभेत टोलेबाजी झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे समजावून सांगितलं की जुनी नावं काढलेली नाहीत, ती शेजारीच छापली आहेत. जोडाक्षरांनी भरलेल्या आणि उलट्या क्रमाने बोलल्या जाणाऱ्या नावांमुळे लहान मुलं अडखळतात, म्हणून दुसरी वाट दिली आहे.

त्यांचं म्हणणं किती खरं होतं, ते बेरीज करताना कळतं. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. नवशिकं मूल ५२ लिहितं, ते ऐकलेल्या क्रमाशी इमान राखूनच. जर्मन मुलांनाही हाच त्रास होतो, कारण त्यांच्याकडेही एकक आधी बोलतात. शेजारच्या कन्नड आणि तेलुगू मुलांना तो नाही. तिथे वीसनंतर दशक आधी आणि एकक मागून येतं. चिनी भाषेत तर अकरालाही 'दहा एक'च म्हणतात. मराठीत याच्यावर आणखी एक भार आहे. सातात दहा-दहा मिळवत जा: सात, सतरा, सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट, सत्त्याहत्तर. प्रत्येक पायरीवर सात कायम आहे, पण त्याचा आवाज बदलत जातो. मोठ्यांना यात काहीच वाटत नाही. सहा वर्षांच्या मुलाला मात्र ही आठ वेगळीच नावं वाटतात. 'वीस सात, तीस सात, चाळीस सात' म्हटलं की सात जागच्या जागी ऐकू येतो आणि दहा मिळवणं किती सोपं आहे ते उमगतं.

असं असलं तरी जुन्या नावांतही एक ठेवा आहे. एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी. एकोणतीस आणि सोळा मिळवायचे तर तीस नि सोळा शेहेचाळीस, त्यातून एक गेला, पंचेचाळीस. ही युक्ती 'वीस नऊ' या नावात नाही. 'एकोणतीस'मध्ये ती आयती आहे, आणि एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत प्रत्येक नावात आहे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की दोन्ही नावं शिकवावीत, दशक कळण्यासाठी एक आणि जवळच्या पूर्ण दशकाकडे झेप घेण्यासाठी दुसरं. २०१९ च्या वादात हा विचार दोन्ही बाजूंच्या गोंगाटात हरवला. नारळीकर बाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांची ती सूचना त्या वेळच्या चेष्टेपेक्षा कितीतरी अधिक विचाराने केलेली होती.

आता पुन्हा छोट्या संख्यांकडे येऊ, कारण पाया तिथे आहे. मुलांना बोटांवर मोजू देऊ नये, हा समज आधी सोडायला हवा. बोटांवर मोजणाऱ्या मुलाला रागावलं की ते हात पाठीमागे नेऊन मोजतं. बोटं सुटत नाहीत, फक्त दिसेनाशी होतात. त्याऐवजी बोटांचा उपयोग वाढवावा. आठ दाखव म्हटल्यावर एक-एक बोट न उघडता एक पूर्ण पंजा आणि तीन बोटं एकदम दाखवता येतात का? आली, की आठ आणि पाच म्हणजे दोन पंजे आणि तीन हे मुलाला न मोजता दिसतं.

यानंतर दहाच्या जोड्या. एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात, चार-सहा, पाच-पाच. एवढ्या पाच जोड्या मुलाच्या इतक्या सवयीच्या व्हाव्यात की सात ऐकताच तीन आठवावेत. यासाठी दहा चिंचोके आणि एक करवंटी पुरते. काही चिंचोके करवंटीखाली लपवायचे, उरलेले समोर ठेवायचे, आणि आत किती ते विचारायचं. मुलं हा खेळ एकमेकांत तासभर खेळतात आणि शिक्षक तोवर तिसरीच्या मुलांकडे लक्ष देऊ शकतात. दोन-शिक्षकी शाळेत ही मोठीच सोय आहे. दशकासाठी काड्यांच्या जुड्या बांधाव्यात. लावणीच्या दिवसांत भाताच्या रोपांच्या जुड्या या भागातल्या प्रत्येक मुलाने पाहिलेल्या, बांधलेल्या असतात, त्यामुळे जुडी आणि सुटं हा भेद समजावून सांगावा लागत नाही. दहा-दहा मण्यांचे रंग आलटून पालटून ओवलेली शंभर मण्यांची गणितमाळ मिळाली तर फारच चांगलं. माळेवर अठ्ठावीस दाखवणारं मूल दोन रंगपट्टे सोडून आठ मणी मोजतं. हुशार मूल तीन पट्टे घेतं आणि दोन मणी मागे येतं.

युक्त्या शिकवायच्या की मुलांना शोधू द्यायच्या? १९७७ साली ग्रोएन आणि रेझनिक या संशोधकांनी अमेरिकेतल्या, शाळेत जायच्या वयाआधीच्या, साडेचार वर्षांच्या आसपासच्या मुलांना फक्त एक रीत शिकवली: दोन्ही ढीग मांडायचे आणि सगळं मोजायचं. सराव चालू ठेवला. काही आठवड्यांत त्यांतली कित्येक मुलं आपण होऊन मोठ्या संख्येपासून पुढे मोजू लागली. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. दोनात सात मिळवायचे तर सातापासून सुरुवात करावी, हे ज्ञान मूल स्वतः कमावतं, मात्र त्याला भरपूर उदाहरणं आणि वेळ मिळाला पाहिजे. दहा करून बेरीज करण्याची युक्ती मात्र सगळ्यांना आपोआप सापडत नाही. तिथे एका मुलाला सापडलेली रीत वर्गाला ऐकवणं हा उत्तम मार्ग. शिक्षकाने सांगितलेली रीत मुलाला नियम वाटते, आणि शेजारच्या मुलीने सांगितलेली 'मलाही जमेल' अशी वाटते.

दोन अंकी संख्यांशी आलं की ही मोकळीक अधिकच फळते. फळ्यावर ४७ + २८ आडवं लिहावं. उभं मुद्दाम लिहू नये. मग ऐकावं.

"चाळीस नि वीस साठ, सात नि आठ पंधरा. पंच्याहत्तर."

"सत्तेचाळीस नि वीस सदुसष्ट. मग तीन, सत्तर. मग पाच."

"मी अठ्ठावीसला तीस केलं, बाई. सत्त्याहत्तर झाले. दोन परत दिले."

"मी सत्तेचाळीसमधले दोन काढून त्याला दिले. पंचेचाळीस नि तीस."

चौघांनी संख्या वेगवेगळ्या ठिकाणी फोडली. शेवटच्या दोन रीतींतला फरक बारकाईने पाहावा: एकीत दोन जास्त मिळवले म्हणून काढावे लागतात, दुसरीत दोन एकीकडून दुसरीकडे सरकले म्हणून काहीच काढावं लागत नाही. मुलं इथे हमखास गोंधळतात. त्यावर वर्गात वाद होऊ द्यावा. जमिनीवर खडूने एक रेघ ओढून तिच्यावर उड्यांच्या कमानी काढल्या, सत्तेचाळीसपासून वीसची मोठी उडी, तीनची छोटी, पाचची छोटी, की वाद दिसायला लागतो. ही खुणा नसलेली मोकळी संख्यारेषा नेदरलँड्समधल्या गणितशिक्षकांनी रुजवली आणि आज ती अनेक देशांत वापरतात. खर्च शून्य, आणि पहिलीपासून चौथीपर्यंत सगळ्यांना चालते.

आता उभी मांडणी. ती शिकवावीच लागते, पण दुसरी-तिसरीत ती फार लवकर येते, आणि आली की मुलं विचार थांबवतात. ४७ खाली २८ लिहून सात नि आठ पंधरा, चार नि दोन सहा, उत्तर ६१५ असं लिहिणारं मूल प्रत्येक शिक्षकाने पाहिलं आहे. पन्नासच्या आतल्या दोन संख्यांची बेरीज सहाशेच्या पुढे गेली, याचं त्याला काहीच वाटत नाही. त्याच्या दृष्टीने तिथे संख्या नाहीतच, नुसते अंक आहेत. हेच मूल दुकानात सत्तेचाळीस रुपयांचं तेल आणि अठ्ठावीस रुपयांची साखर घेऊन सहाशे रुपये देणार नाही.

दुकान आणि शाळा यांमधली ही दरी नीट अभ्यासली गेली आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा १९८५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास गणितशिक्षणात गाजला. त्या मुलांनी गाड्यावरचे ९८ टक्के हिशेब बरोबर केले, आणि तेच आकडे कागदावर निव्वळ गणितं म्हणून दिले तेव्हा जेमतेम ३७ टक्के बरोबर आले. पस्तीसचा एक असे दहा नारळ किती, हे एका मुलाने तीन नारळांचे एकशे पाच, आणखी तिनांचे मिळून दोनशे दहा, असं मिळवत मिळवत काढलं. शून्य जोडण्याचा शाळेतला नियम त्याच्या कामी आला नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी धारावीतल्या मुलांचं असंच व्यवहारातलं गणित अभ्यासलं. अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर लिहिताना दरीची दुसरी बाजूही दाखवली: बाजारात काम करणारी मुलं पुस्तकी गणितात अडतात, आणि पुस्तकी गणितात तरबेज शाळकरी मुलं बाजारातल्या सोप्या हिशेबात अडतात.

मे महिन्यात कोकणातल्या रस्त्यांच्या कडेला करवंदं, जांभळं पानांच्या द्रोणांत घेऊन बसणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांतली कित्येक कातकरी किंवा धनगर वाड्यांवरची. वीसचे तीन द्रोण, शंभराची नोट, परत किती, हे ती बोलता बोलता सांगतात. जूनमध्ये हीच मुलं वर्गात गणितात कच्ची ठरतात. घरची बोली वेगळी, पुस्तकाची भाषा वेगळी, आणि स्वतःची रीत सांगायची सोय नाही. त्या मुलाने वीस, चाळीस, साठ असं म्हणत, मग साठाला चाळीस घालून शंभर पुरे केले, ही रीत फळ्यावर आली पाहिजे. वजाबाकी मिळवत जाऊन करता येते, हे बाकीच्या वर्गाला त्याच्याकडून शिकता येईल.

अंतरांचे हिशेबही असेच हाताशी आहेत. महाड ते पोलादपूर साधारण १८ किलोमीटर, पोलादपूर ते महाबळेश्वर साधारण ३८ धरू. महाडहून महाबळेश्वर किती? वीस नि चाळीस साठ, दोन्हीकडचे दोन-दोन कमी, छप्पन्न. एस.टी.त बसलेल्या आजोबांनी नातवाला विचारावा असा हा प्रश्न आहे.

लहान शाळेची एक जमेची बाजू आपण पाहत नाही. पहिली आणि तिसरी एका खोलीत बसतात तेव्हा पहिलीचं मूल तिसरीच्या मुलीची रीत ऐकत असतं. तिला समजावून सांगावं लागतं म्हणून तिचीही रीत पक्की होते. शेकडो मुलांच्या शहरी शाळेला हे मुद्दाम घडवून आणावं लागतं. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटातल्या जिल्हा परिषद शाळांनी मुलांना जमिनीवर, साहित्यासह, गटांत बसवून शिकू देण्याचा प्रयोग केला, तो पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथेही मुख्य साहित्य काड्या, खडे, चिठ्ठ्या असंच होतं.

वेगाचं मात्र वेड नको. कोण आधी सांगतो अशी शर्यत लावली की तीच दोन-तीन मुलं हात वर करतात आणि बाकीची विचार करणंच सोडतात. प्रश्न विचारल्यावर सगळ्यांना सावकाश वेळ द्यावा. ज्याला उत्तर आलं त्याने हात वर न करता छातीशी मूठ धरावी आणि दुसरी रीत शोधावी. वेग सरावाने येतो, भीतीने फक्त पाठांतर येतं.

शिक्षकांना आणि घरच्यांना माझी विनंती आहे. रोज दहा मिनिटं, वही न उघडता, एकच बेरीज घ्या. मुलं दोन अंकी संख्या निदान दोन रीतींनी फोडू लागेपर्यंत हातच्याची उभी मांडणी पुढे ढकला. आजी 'तीन विसा' म्हणत असेल तर तिला थांबवू नका, मुलाला तिच्याजवळ बसवा. आणि उत्तर ऐकल्यावर 'शाबास' म्हणण्याआधी विचारा, कसं काढलंस?